ग्रामीण वास्तूंतील प्रकाशाचे रंगतापमान : निमोणे परिसराच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : रंगतापमान, केल्विन, एलईडी, रंगदर्शन निर्देशांक, ग्रामीण प्रकाशयोजना, निमोणे

1. प्रस्तावना

दिवेलागण हा मराठी खेड्याच्या दिनक्रमातील एक निश्चित टप्पा होय. तुळशीपुढे पणती, देवापुढे समई, माजघरात चिमणी आणि ओसरीवर कंदील अशी प्रकाशाची वाटणी एकेकाळी घरोघरी ठरलेली असे. या सर्व ज्योतींचा रंग जवळपास सारखाच, तांबूस-पिवळा होता. त्याहून पांढरा उजेड हवा असल्यास गॅसबत्ती पेटवावी लागे आणि ती लग्नकार्य, कीर्तन किंवा तमाशाच्या फडापुरतीच बाहेर निघे. पुढे विजेचा दिवा आला, त्यानंतर ट्यूबलाइट आली आणि अलीकडे एलईडी दिव्यांनी या दोहोंची जागा घेतली.

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात असलेले निमोणे हे गावही या स्थित्यंतरास अपवाद नाही. आज तालुक्यातील कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात दिवा मागितला असता, वेगळे काही सांगितले नाही तर निळसर पांढऱ्या उजेडाचा दिवाच बहुधा हाती पडतो. तोच दिवा स्वयंपाकघरात, तोच निजण्याच्या खोलीत, तोच देवघरात आणि तोच गोठ्यात लागतो. ‘पांढरा उजेड म्हणजे जास्त उजेड’ ही समजूत त्यामागे असते. ही समजूत कितपत खरी आहे, प्रकाशाच्या रंगाचा माणसाच्या दृष्टीवर, झोपेवर व कामावर काय परिणाम होतो आणि कोणत्या जागेसाठी कोणता रंग योग्य ठरतो, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

2. रंगतापमानाची संकल्पना

लोहाराच्या भट्टीत लोखंड तापत असताना त्याचा रंग बदलत जातो. प्रथम ते काळपट लाल दिसते, मग नारिंगी होते, आणखी तापल्यावर पिवळे व शेवटी पांढरट होते. अनुभवी लोहार तापमापक न वापरता केवळ रंगावरून घणाचा घाव केव्हा घालावयाचा हे ठरवितो. वस्तूचे तापमान आणि तिच्यातून निघणाऱ्या प्रकाशाचा रंग यांतील हाच संबंध रंगतापमानाच्या संकल्पनेच्या मुळाशी आहे. एखाद्या दिव्याचा रंग ज्या तापमानाच्या आदर्श कृष्णवस्तूच्या प्रकाशाशी जुळतो, ते त्या दिव्याचे रंगतापमान होय. ते केल्विन या एककात सांगितले जाते.

समईच्या ज्योतीचे रंगतापमान सुमारे 1,900 केल्विन, तारेच्या जुन्या दिव्याचे सुमारे 2,700, दुपारच्या उन्हाचे सुमारे 5,500, तर ढगाळ आकाशाचे सुमारे 6,500 केल्विन असते. निरभ्र आकाशाच्या निळाईतून सावलीत येणारा प्रकाश 10,000 केल्विनच्याही पुढे जातो. येथे बोलीभाषेचा आणि विज्ञानाचा एक गमतीदार विरोध दिसतो. ज्या पिवळसर प्रकाशास आपण ‘उबदार’ म्हणतो त्याचे रंगतापमान कमी असते, आणि ज्या निळसर प्रकाशास ‘थंड’ म्हणतो त्याचे जास्त. ऊब व थंडपणा हे शब्द आगीच्या आणि चांदण्याच्या अनुभवातून आले आहेत; केल्विनचा आकडा मात्र तप्त वस्तूच्या भौतिकीतून आला आहे.

या नियमाचा प्रत्यय शेतीपंपांच्या भागातील मागच्या पिढीने रोज घेतला आहे. संध्याकाळी विजेचा दाब उतरला की घरातील तारेचा दिवा मंद तर होईच, शिवाय तांबडाही होई. दाब कमी झाल्याने तार कमी तापे आणि तिचा रंग लालसरपणाकडे झुके. एलईडी दिव्यात प्रकाश तापलेल्या तारेतून निघत नसल्यामुळे तो मंद झाला तरी त्याचा रंग जवळपास तसाच राहतो. म्हणूनच एलईडीच्या बाबतीत रंग आपोआप ठरत नाही. तो खरेदी करतानाच निवडावा लागतो.

3. उजेड, रंगछटा आणि रंगदर्शन

दिव्याची निवड करताना तीन स्वतंत्र गुणांची गल्लत केली जाते.

पहिला गुण उजेडाचे प्रमाण. ते ल्युमेनमध्ये मोजतात. 60 वॅटचा तारेचा दिवा सुमारे 700 ल्युमेन देत असे. आजचा 9 वॅटचा एलईडी दिवा त्याच्या बरोबरीचा किंवा त्याहून काहीसा अधिक उजेड देतो. वॅट हे विजेच्या खर्चाचे माप आहे, उजेडाचे नव्हे.

दुसरा गुण रंगछटा, म्हणजेच रंगतापमान. एकाच वॅटचे 3,000 व 6,500 केल्विनचे दोन दिवे तपासले तर पांढऱ्याचे ल्युमेन थोडे अधिक भरतात. परंतु हा फरक साधारणपणे काही टक्क्यांचाच असतो. पांढरा दिवा डोळ्यांना बराच अधिक तेजस्वी वाटतो, तो मुख्यतः त्यातील निळ्या अंशामुळे.

तिसरा गुण रंगदर्शनाचा. दिव्याखाली वस्तूंचे रंग कितपत खरे दिसतात हे रंगदर्शन निर्देशांकावरून कळते. त्याचे कमाल मूल्य 100 असून तारेचा दिवा जवळपास तेवढे मूल्य गाठतो. बाजारातील सामान्य एलईडी दिव्यांचा निर्देशांक 80 च्या आसपास असतो. रस्त्यावरच्या जुन्या सोडियम दिव्यांचा मात्र 25 च्या आतबाहेर होता. कमी निर्देशांकाच्या प्रकाशात विशेषतः लाल रंग फिका पडतो. मिरचीची प्रत, कुंकवाची छटा, मांसाचा ताजेपणा किंवा जखमेची लाली अशा दिव्याखाली नीट कळत नाही, मग त्याचे रंगतापमान काहीही असो.

4. एलईडीमधील पांढऱ्या प्रकाशाची घडण

एलईडीमधून मुळात पांढरा प्रकाश निघत नाही. त्यातील अर्धवाहकाची चकती साधारणपणे 450 नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश देते. या चकतीवर दिलेला स्फुरदीप्त लेप त्यातील काही निळा प्रकाश शोषून पिवळा प्रकाश बाहेर टाकतो. उरलेला निळा व नवा पिवळा मिळून डोळ्यांस पांढरा भासतो. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, यावरून या शोधाचे मोल ध्यानात येते.

लेप पातळ असेल तर निळा अंश जास्त उरतो आणि दिवा 6,500 केल्विनचा होतो. लेप दाट असेल व त्यात लाल छटेचे द्रव्य मिसळलेले असेल तर दिवा 2,700 ते 3,000 केल्विनचा होतो. निळ्याचे पिवळ्यात व लालमध्ये रूपांतर होताना थोडी ऊर्जा वाया जाते. उबदार दिवा किंचित कमी उजेड देतो तो याच कारणाने.

5 जानेवारी 2015 रोजी केंद्र शासनाने ‘उजाला’ योजना सुरू केली आणि तिच्याद्वारे देशभरात 36 कोटींहून अधिक एलईडी दिवे वितरित झाले. विजेची बचत व दिव्यांच्या किमतीतील घट हे या चळवळीचे निर्विवाद यश आहे. तथापि बचतीच्या या चर्चेत प्रकाशाचा रंग हा विषय मागे राहिला. ट्यूबलाइटच्या काळापासून ‘आधुनिक उजेड पांढराच असतो’ ही धारणा रुजलेली होती, ती एलईडीने अधिक घट्ट केली.

5. डोळा, शरीरघड्याळ आणि झोप

डोळ्यातील दृष्टिपटलावर पाहण्याचे काम करणाऱ्या शंकू व दंड पेशी असतात, हे शालेय अभ्यासक्रमातही शिकविले जाते. 2002 मध्ये आणखी एका प्रकारच्या प्रकाशसंवेदी पेशींचा पुरावा प्रसिद्ध झाला. या पेशी मेंदूतील शरीरघड्याळास दिवस आहे की रात्र याची वर्दी देतात. त्यांतील मेलानोप्सिन हे रंगद्रव्य सुमारे 480 नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशास सर्वाधिक प्रतिसाद देते. निळा अंश डोळ्यांवर पडत राहिला तर झोपेस पूरक असलेल्या मेलाटोनिन या संप्रेरकाचा स्राव रोखला जातो.

उजेडाचे प्रमाण समान ठेवले तरी 6,500 केल्विनच्या एलईडीचा या पेशींवरील प्रभाव 2,700 केल्विनच्या दिव्याच्या सुमारे दुप्पट असतो. याचा अर्थ पांढरा प्रकाश अपायकारक आहे असा नव्हे. दिवसा हाच प्रभाव उपकारक ठरतो. त्याने जागरूकता राहते आणि शरीरघड्याळ जुळलेले राहते. प्रश्न वेळेचा आहे. पहाटे धार काढण्यासाठी उठणाऱ्या कुटुंबाने रात्री निजेपर्यंत निळसर पांढऱ्या उजेडात बसावे, म्हणजे शरीरास रात्र झाल्याची वर्दी उशिरा मिळते आणि पहाट मात्र ठरल्या वेळीच येते. मधल्या मध्ये झोप तुटते.

केवळ रंग बदलून हा प्रश्न पूर्णपणे सुटत नाही, हेही नमूद केले पाहिजे. प्रखर उबदार दिवा हा मंद पांढऱ्या दिव्यापेक्षा झोपेस अधिक मारक ठरू शकतो. यास्तव रात्रीच्या प्रकाशासाठी ‘उबदार आणि मंद’ ही दोन्ही विशेषणे एकत्रच वाचावी लागतात.

6. घरातील जागांचा विचार

डच संशोधक क्रुइथॉफ यांनी 1941 मध्ये असे मांडले की, कमी उजेडात उबदार रंग सुखद वाटतो आणि तोच उजेड निळसर असेल तर जागा उदास भासते; भरपूर उजेडात मात्र पांढरा रंग स्वाभाविक वाटतो. नंतरच्या प्रयोगांनी या नियमाच्या सर्व तपशिलांना दुजोरा दिलेला नाही. तरीही एकच मंद पांढरा दिवा लावलेल्या खोलीतील उदासपणाचे काहीसे स्पष्टीकरण त्यातून मिळते.

ओसरी व बैठकीची खोली येथे संध्याकाळी गप्पा, जेवण व पाहुण्यांची ऊठबस चालते. 2,700 ते 3,000 केल्विनचा प्रकाश तेथे योग्य ठरतो. निजण्याच्या खोलीत 2,700 केल्विनपेक्षा अधिक रंगतापमानाची गरज नसते. वृद्ध व्यक्ती रात्री उठतात, तेव्हा त्यांच्या वाटेवर जमिनीलगत एखादा मंद पिवळा दिवा असावा. वयानुसार डोळ्यातील भिंग पिवळसर व धूसर होते, त्यामुळे वृद्धांना कामासाठी उजेड अधिक लागतो, परंतु उघड्या दिव्याची चमक सोसत नाही.

स्वयंपाकघरात धान्य निवडणे, भाजी चिरणे, दूध तापविणे ही डोळ्यांची कामे होतात. तेथे ओट्यावर 4,000 केल्विनचा, चांगल्या रंगदर्शनाचा दिवा हवा. तो अशा जागी असावा की काम करणाऱ्या व्यक्तीची सावली तिच्याच हातावर पडू नये. एरवी दिवा कितीही पांढरा असला तरी पाठीमागे असल्यास त्याचा उपयोग नाही. देवघरात समईची ज्योत हाच प्रकाशाचा केंद्रबिंदू असतो. शेजारी 6,500 केल्विनचा दिवा लावल्यास ज्योत निस्तेज दिसते. 2,700 केल्विनचा मंद दिवा तिच्याशी सुसंगत राहतो.

अभ्यासाच्या जागेबाबत पालकांचा कल पांढऱ्या दिव्याकडे असतो व तो सर्वस्वी चुकीचा नाही. 4,000 ते 5,000 केल्विनच्या प्रकाशात सावधपणा टिकण्यास मदत होते. तथापि अक्षरे नीट दिसणे हे मुख्यतः उजेडाच्या प्रमाणावर आणि चमक टाळण्यावर अवलंबून असते. रात्री उशिरापर्यंत अभ्यास करणाऱ्या मुलाने शेवटचा तास उबदार दिव्याखाली वाचन करणे झोपेच्या दृष्टीने हितकर ठरेल.

7. शाळा, दवाखाना, दुकान, गोठा व मंदिर

शाळा प्रामुख्याने दिवसा भरते. खिडकीतून येणाऱ्या नैसर्गिक प्रकाशाशी मेळ बसावा म्हणून वर्गात 4,000 ते 5,000 केल्विनचे दिवे योग्य होत. वर्गातील बाकांवर सुमारे 300 लक्स उजेड असावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ढगाळ दिवशी खिडकीपासून दूरच्या बाकांवर तो मिळतो काय, हा प्रश्न रंगाच्या आधी विचारला पाहिजे.

दवाखान्यात तपासणीच्या जागी त्वचेचा फिकटपणा, डोळ्यांतील कावीळ व जखमेची लाली ओळखावी लागते. तेथे 4,000 केल्विन आणि किमान 90 चा रंगदर्शन निर्देशांक असलेला दिवा आवश्यक ठरतो. रुग्ण जेथे निजतात तेथे मात्र रात्री उबदार प्रकाश असावा.

दुकानदारास रंगाचे गणित अनुभवाने ठाऊक असते. सराफाच्या पेढीत सोन्यावर पिवळसर आणि चांदीवर पांढरा दिवा सोडलेला दिसतो. दिव्याच्या रंगामुळे मालाला तेज येते. म्हणून साडी दुकानातील दिव्याखाली निवडली तरी ती एकदा बाहेर उन्हात नेऊन पाहण्याची जुन्या गिऱ्हाइकाची सवय शास्त्रशुद्धच म्हणावी लागेल.

दुग्धव्यवसाय हा या तालुक्यातील शेतीचा मोठा आधार आहे. धार काढताना दुधातील गुठळी, रक्ताची छटा किंवा सडाची सूज वेळीच दिसली तर कासदाहाचा संशय लवकर येतो. त्यासाठी धारेच्या जागी 4,000 केल्विनचा चांगला उजेड हवा. परदेशांतील प्रयोगांत दुभत्या गाईंना दिवसाचे 16 ते 18 तास पुरेसा प्रकाश दिल्यास दूध वाढल्याचे आढळले आहे. परंतु उरलेला काळ अंधार मिळणे हीदेखील त्याच प्रयोगांची अट होती. गोठ्यात रात्रभर दिवा जळत ठेवणे म्हणूनच योग्य नव्हे.

मंदिरांच्या बाबतीत सूर्यप्रकाशाचे भान जुन्या स्थापत्यात होते. याच तालुक्यातील रांजणगावच्या महागणपती मंदिरात वर्षातील ठराविक काळी सूर्यकिरण मूर्तीवर पडतात, असे सांगितले जाते. शेंदूर, पितळ व तेलाने काळवंडलेला दगड यांचे सौंदर्य 2,700 ते 3,000 केल्विनच्या प्रकाशात खुलते. निळसर प्रकाशात शेंदराची झळाळी मावळते.

8. रस्ता, शिवार आणि आकाश

सार्वजनिक प्रकाशाच्या रंगावरून महाराष्ट्रात झालेला सर्वांत गाजलेला वाद मुंबईच्या मरीन ड्राइव्हचा होय. ‘राणीचा रत्नहार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रस्त्यावरील पिवळे सोडियम दिवे 2015 मध्ये काढून पांढरे एलईडी बसविण्यात आले. रत्नहाराचे सोनेरी रूप हरपल्याची टीका झाली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि पुढे तेथे पिवळसर छटेचे एलईडी लावण्यात आले. वीज वाचविण्यासाठी रंगाचा त्याग करावाच लागतो असे नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

खेड्यातील प्रश्न सौंदर्यापुरता नाही. शिरूर तालुका जुन्नर वनविभागाच्या बिबट्याप्रवण क्षेत्रात मोडतो. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये याच तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसांचे बळी गेले. रात्रीच्या पाळीत वीज असताना पिकास पाणी देण्यासाठी जाणाऱ्या शेतकऱ्याला आणि वस्तीवरील मुलांना उजेड हवा, ही मागणी रास्त आहे. मात्र प्रखर पांढऱ्या दिव्यामुळे बिबट्या दूर राहील असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. उघडा, झगझगीत दिवा डोळ्यांत गेला की त्याच्या पलीकडचा उसाचा फड अधिकच काळा दिसतो. डोळ्यांना अंधाराशी पूर्णपणे जुळवून घेण्यास सुमारे 20 ते 30 मिनिटे लागतात. एका झगझगाटाने ती क्षमता क्षणात मावळते. म्हणून एका उंच खांबावरील प्रखर दिव्यापेक्षा, वर झाकण असलेले व खाली प्रकाश टाकणारे, थोड्या थोड्या अंतरावरील 3,000 केल्विनचे दिवे वाटेवर अधिक उपयोगी ठरतात.

मंद प्रकाशात डोळा निळ्या-हिरव्या रंगास अधिक संवेदनशील होतो, त्यामुळे पांढरे पथदिवे अधिक कार्यक्षम भासतात, हा युक्तिवाद निराधार नाही. हमरस्त्यावर 4,000 केल्विनची निवड त्यामुळे समर्थनीय ठरू शकते. वस्तीत मात्र खिडकीतून आत येणाऱ्या प्रकाशाचा विचार करावा लागतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 2016 मध्ये पथदिवे 3,000 केल्विन किंवा त्याहून कमी रंगतापमानाचे असावेत, अशी शिफारस केली आहे. उबदार दिव्यांकडे उडणारे कीटकही तुलनेने कमी आकर्षित होतात.

पिकांच्या बाबतीत वेगळी सावधगिरी लागते. सोयाबीन, शेवंती यांसारखी लघुदिवसी पिके रात्रीची लांबी ओळखतात; पथदिव्यालगत सोयाबीनची पक्वता लांबल्याचे दिसून आले आहे. हा परिणाम प्रामुख्याने लाल प्रकाशाचा असल्यामुळे उबदार दिवा लावून तो टळत नाही. तेथे उपाय एकच, दिव्यास आड लावून प्रकाश शिवारात जाऊ न देणे.

निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो व आकाश उजळवितो. पुण्यातील आयुका या संस्थेची 2 मीटर व्यासाची दुर्बीण याच जिल्ह्यात गिरवली येथे 2006 पासून आहे. अशा वेधशाळांना काळ्या आकाशाची गरज असते. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी 2024 मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया व खापा या गावांतील शंभराहून अधिक दिवे खाली प्रकाश टाकणाऱ्या दिव्यांनी बदलण्यात आले. खेड्यांनी ठरविले तर हे घडू शकते, याचे हे महाराष्ट्रातीलच उदाहरण आहे.

9. निवडीचे सूत्र

वरील विवेचनाचे सार पुढीलप्रमाणे सांगता येईल.

कोष्टक क्र. 1 : जागेनुसार सुचविलेले रंगतापमान
निजण्याची खोली, देवघर : 2,700 केल्विन, मंद
ओसरी, बैठक, जेवणाची जागा, मंदिराचा गाभारा : 2,700 ते 3,000 केल्विन
वस्तीतील रस्ते व वाटा : 3,000 केल्विनपर्यंत, झाकणासह
स्वयंपाकाचा ओटा, गोठ्यातील धारेची जागा : 4,000 केल्विन
दवाखान्यातील तपासणी : 4,000 केल्विन, निर्देशांक 90 किंवा अधिक
वर्ग, वाचनालय, कार्यालय : 4,000 ते 5,000 केल्विन
दिवसा चालणारी बारीक कामाची जागा : 5,000 ते 6,500 केल्विन

खरेदी करताना खोक्यावरील वॅटपाशी न थांबता ल्युमेन, केल्विन आणि रंगदर्शन निर्देशांक हे तीन आकडे वाचावेत. ‘वॉर्म व्हाइट’, ‘नॅचरल व्हाइट’, ‘कूल डेलाइट’ ही नावे उत्पादकागणिक बदलतात. केल्विनचा आकडा अधिक भरवशाचा असतो. एका खोलीत दोन भिन्न रंगांचे दिवे एकाच वेळी लावू नयेत. ज्या घरात एकाच खोलीत अभ्यास, जेवण व झोप होते, तेथे बटण दाबून रंग बदलणारा दिवा किंवा दोन स्वतंत्र बटणांवरील दोन दिवे हा सोयीचा मार्ग आहे.

10. समारोप

रंगतापमान हा शहरी सजावटीचा विषय मानण्याचे कारण नाही. पहाटे उठणाऱ्या, रात्री शेतात जाणाऱ्या आणि एकाच खोलीत अनेक कामे करणाऱ्या ग्रामीण कुटुंबास त्याची निकड अधिक आहे. उबदार व पांढऱ्या दिव्याच्या किमतीत फारसा फरक नसल्याने ही निवड खर्चाची नसून माहितीची आहे. निमोण्यासारख्या गावात ग्रामपंचायतीने पथदिव्यांच्या मागणीपत्रात केल्विनचा आकडा व झाकणाची अट लिहिली आणि कुटुंबाने निजण्याच्या खोलीतील एक दिवा बदलला, तरी प्रारंभ होऊ शकतो. जुन्या घरात कोणत्या वेळी व कोणत्या जागी कोणता दिवा, हे ठरलेले होते. साधने बदलली तरी तो विवेक टिकविणे आजही शक्य आहे.